सुगरणींची तार

वायरमनची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी मेलो होतो. निदान माझी तशी खात्री पटली होती. खांबावरून त्याची पक्कड माझ्या पायाशी आदळली, पाठोपाठ तारेचा तुकडा खांद्यावर आला, आणि त्या अर्ध्या क्षणात मी सगळ्या नातेवाइकांना, अगदी थोरल्या मेहुण्यालासुद्धा, माफ करून टाकलं.

"घाबरू नका हो, लाइन बंद आहे," वरून आवाज आला. "पक्कड तेवढी द्या."

गावाला उजेड देणारा हा माणूस स्वतः मेणबत्तीवर राहायचा. त्याच्या घराकडे जाणाऱ्या तारेवर सुगरणींनी वसाहत मांडली होती. दुधी भोपळे टांगावेत तशी घरटीच घरटी. ऑफिसचा हुकूम आला, घरटी काढा नाहीतर लाइन तोडा. ह्याने लाइन तोडली. बायको लेकीकडे निघून गेली. "पंखा फिरला की येईन," एवढंच म्हणाली.

"नाव सुगरण, पण राबतो नर," तो मला सांगायचा. नराची पिवळी टोपी, काळपट तोंड. गवताची पाती चिरून आणायची, अर्धं घरटं विणायचं आणि पंख फडफडवत मादीला बोलवायचं. ती आत शिरून दोन हिसके देते. पटलं तर संसार, नाहीतर पठ्ठ्या दुसरं विणायला घेतो. टोकाच्या एकाची सगळी घरटी नापास झाली होती. वायरमन संध्याकाळी पायरीवर एकटाच बसून त्याला समजवायचा, "गाठ ढिली राहतेय रे तुझी."

बाकीच्यांची पिल्लं उडाली. ह्याचं जमेना. वायरमन त्याच्यासाठी लाइन जोडायचा थांबला.

एका दुपारी मी तिथे असतानाच बायको आली. तिनं बटण दाबलं. मान वर करून पंख्याकडे पाहिलं, गादी चाचपली, स्वयंपाकघरात डोकावली.

"अगं, आजच त्याचं जमलं! ती बघ, आत गेलीय!"

"अहो, मग माझ्या शुभेच्छा सांगा त्याला." तिनं फळीवरचा कुकर उचलला.

"महिनाभर थांब गं. पिल्लं उडाली की लगेच जोडतो."

"माझीही उडाली. तेव्हा तुम्ही खांबावर होतात."

पुढे त्याचीही पिल्लं उडाली, तारेवरची किलबिल थांबली. वायरमनने लाइन जोडली, पंखा लावला आणि बायकोला फोन करून तो पंख्याखाली धरला.

"करकरतोय," ती म्हणाली. "तेल घाला."

तेल त्याने दुसऱ्याच दिवशी घातलं. ती आली नाही.