बियाण्याच्या दोन ढोल्या

१२ जून १९८३. काम: धानाचं बियाणं ढोलीतून काढून ऊन देणं. दुसऱ्या दिवशी पऱ्हे टाकायचे होते, म्हणजे रोपांसाठी वाफ्यात बी फेकायचं होतं.

सिहोऱ्याजवळच्या आमच्या घरी बियाण्याच्या दोन ढोल्या होत्या. बांबूच्या, शेणामातीनं लिंपलेल्या, माझ्या छातीएवढ्या उंच. एकीत हलकं धान, लवकर निघणारं, वरच्या कोरड्या बांधीसाठी, म्हणजे बांध घातलेल्या शेतासाठी. दुसरीत भारी, उशिराचं, तलावाचं पाणी मिळणाऱ्या बांध्यांसाठी. दाणे दोन्हींचे सारखेच जाड. ढोल्या सासू भरायची आणि भरताना कुणाला खोलीत येऊ द्यायची नाही. त्या वर्षी मात्र ती विसरून भाजीत दोनदा मीठ घालायला लागली होती.

"हलकं कोणत्या ढोलीत हाये, मामीजी?" मी सासूला विचारलं.

"डावीकडच्या."

"सकाळी तं तुमी उजवी म्हनल्या."

"मंग उजवी असन."

नवरा दारात उभा होता. "माय, नीट सांग. वरच्या बांधीत भारी गेलं तं लोंबीच्या आंधी वाळून जाईन."

"तुह्या जल्माआंधीपासून बियाणं मीच ठेवून राहिली. तुह्या बापानं ठेवलं काय?"

"संध्याकाळपर्यंत नाही समजलं तं दोन्ही भरडून टाकू," असं म्हणून तो बैलांकडे गेला. भरडून टाकल्यावर पेरणार काय? जूनमध्ये कुणाकडे बियाणं उरत नाही.

विचारून सासू आणखी गोंधळते हे मला कळलं होतं. मी तिच्या हातात तांदळाचं सूप दिलं आणि विचारणं थांबवलं. पाखडता पाखडता ती आपणच बोलू लागली. आजचं अडलं की ती लहानपणात शिरायची.

"मी एवढीशी होती. मायनं मले रिकाम्या ढोलीत उतरवलं. आंधार. वरून पाला टाके, म्हणे बुडाले अंथर. हलक्याले कडुलिंब, भारीले निरगुडी. मी रडली. तं म्हणे, आंधी अंथर, मंग रड."

"तुमी बी तसाच अंथरता काय?"

"मंग कसा अंथरतेत?"

माझी स्वतःची पहिली आठवण अड्याळच्या बाजारात मांडीला टोचणाऱ्या पोत्याची आहे. तिचा कुणाला कधी उपयोग झाला नाही.

मी पदर खोचला, पाटावर चढले आणि डाव्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. हात बुडाला पोचेना. अर्धी ढोली उपसली, पुन्हा घातला. मुठीत वाळल्या पाल्याचा चुरा आला. उजेडात नेऊन पाहिला: बारीक, करवतीसारख्या कडांच्या पानांचे तुकडे. कडुलिंब. उजवीही उपसली. तिथला चुरा चोळला, तर निरगुडीचा वास.

नवऱ्यानं दोन्ही मुठी हुंगल्या. "आन् यंदा तिनं उलटं केलं असन तं?"

"तं उलटं केलं असन. तुमच्याकडे दुसरं काय हाये?"

त्यानं दोन्ही बियाणं वेगवेगळं उन्हात पसरलं.

सकाळी वरच्या बांधीतल्या वाफ्यात डावीकडचं बियाणं मीच फेकलं. घरी येऊन डाव्या ढोलीवर चुन्यानं एक रेघ ओढली, उजवीवर दोन. सासू बघत होती. मग मी चूल पेटवली आणि मिठाचं मडकं माझ्या बाजूला घेतलं.