बाबांच्या पायाजवळ बसलेल्या सिस्टर

मी ख्रिस्ती नाही, आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. ख्रिस्ती सेवेबद्दल लिहायची माझी पात्रता नाही. चुकलं तर माफ करा. पण काल रोह्यात एका दवाखान्यात आयोडिनचा वास आला आणि पेणचं आमचं अंगण आठवलं.

बाबा मिठागरात कामाला होते. खाऱ्या पाण्याने त्यांच्या टाचेची भेग चिघळली होती. मिशनच्या दवाखान्यातल्या वयस्कर सिस्टर रोझी ती धुवायला आल्या आणि सरळ जमिनीवर बसल्या. बाबांनी पाय ओढून घेतला.

"नाय सिस्टर, देवाच्या माणसानं माझ्या पायाला हात लावायचा नाय. पाप लागंल."

"आणि पाय कापावा लागला तर मिठागरात कोण उतरणार? मी?"

"उतरतील हो त्या, त्यांचा नेम नाय," आई म्हणाली. बाबांना हसू आलं आणि पाय पुढे झाला. आयोडिन घातलेल्या कोमट पाण्यात पू उतरू लागला. मी नाक दाबून आत पळालो.

त्या आठवडाभर येत राहिल्या. पाय वाचला. मी त्यांना साधं पाणीही विचारलं नाही. एवढी शिकलेली बाई असलं काम का करते, असं तेव्हा वाटायचं. आता वाटतं, एवढं शिकून मला ते जमेल का? हे त्यांना भेटून सांगायचं होतं.

आज मिशनमध्ये फोन लागला. सिस्टर रोझी गेल्या पावसाळ्यात वारल्या. त्याआधी वर्षभर त्या अंथरुणावर होत्या, पेणलाच, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी दर सुट्टीत घरी जात होतो.