रापणीत आलेली पिशवी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, देवासमोर हात जोडतानाही नाही. आज तुम्हाला सांगतोय — का, ते मला धड सांगता येणार नाही.

आमच्या केरीच्या किनाऱ्यावर कुणी पाहुणा आला की म्हणतो, काय स्वच्छ ठेवलाय हो! मग गावातलं कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवतं. मी हसतो. ते हसणं मला किती जड जातं, याची कुणाला कल्पना नाही.

मी वास्कोला बंदरात नोकरीला होतो. शनिवारी घरी यायचो आणि रविवारी सकाळी रापण ओढायला जायचो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी दोर धरून ओढायचं भलंमोठं जाळं. दोराला हात लावला की मासळीत वाटा मिळतो, मग तो कुणी का असेना. पण त्या वर्षांत जाळ्यात बांगड्यांपेक्षा बाटल्या आणि पिशव्याच जास्त यायला लागल्या. लोक त्या झटकून परत पाण्यात टाकायचे. तेव्हा बैठकीत मीच उठून बोललो — मासळीचे वाटे घालतो तसे प्लास्टिकचेही घालूया. ज्याने मासे घेतले त्याने आपल्या वाट्याचं प्लास्टिक वरच्या वाड्यातल्या पंचायतीच्या शेडमध्ये नेऊन द्यायचं. जो परत पाण्यात टाकेल, त्याची मासळी पाऊस लागेपर्यंत बंद.

आणि लोकांनी पाळलं हो! म्हाताऱ्यासुद्धा डोकीवर ओझं घेऊन ती चढण चढायच्या.

एका रविवारी मी प्लास्टिक भरायची पिशवी घरीच विसरलो. भिवाने मला आपली दिली. भिवा सिंधुदुर्गातून आलेला, बांधकामावर मजुरी करायचा, सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर दोर ओढायचा. त्या वाट्यावरच त्याच्या घरात कालवण शिजायचं. सिमेंटची रिकामी पिशवी होती त्याच्याकडे, ती मला दिली आणि स्वतःच्या बाटल्या दोरीत ओवून नेल्या.

ऊन चढलं होतं. घरी पाहुणे यायचे होते, हातातली मासळी मऊ पडत चाललेली — आणि समोर ती चढण. मी इकडेतिकडे पाहिलं. फेरीबोटीच्या धक्क्यापलीकडे गेलो आणि पिशवी खाडीत सोडून दिली. एवढंसं काम. कुणाला कळणार होतं?

पुढच्या रविवारी ती जाळ्यात आली. तोंड बांधलेलं तसंच.

रापणीचे म्होरके दाजी. त्यांनी ती वर उचलली आणि सगळ्यांच्या नजरा भिवाकडे वळल्या. सिमेंटची पिशवी दुसऱ्या कुणाकडे असणार? भिवाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — वाट पाहिल्यासारखं. आणि मी? मी खाली मान घालून दोर गुंडाळत राहिलो.

"चूक झाली माझी," भिवा म्हणाला. "परत होवची नाय."

पाऊस लागेपर्यंत तो दर रविवारी आला. दोर ओढला, वाट्याचं प्लास्टिक उचललं, आणि मासळीविना घरी गेला. मी माझा वाटा नेत होतो. घरी बांगडे तळले जायचे आणि मी ते खायचो. गोडही लागायचे — हेही सांगायला हवं.

रापण बंद व्हायच्या दिवशी तो माझ्याजवळ आला. हातात तीच पिशवी, घडी घातलेली.

"ही घेवा, भाऊ. धुवन सुकवलंय. तुमका चढणीर लागतली."

मी ती घेतली. काखेत मारली आणि माझा वाटा उचलून घरी गेलो.

पुढे तो गावी गेला तो पुन्हा दिसला नाही. त्या दिवशी त्याने माझं नाव घेतलं असतं, तर आमची ती रीत तिथेच मोडली असती. नियम सांगणाऱ्यानेच तोडला म्हटल्यावर कोण पाळणार? त्याने एवढा विचार केला होता का? की मला नुसतं सांभाळून घेतलं? मला माहीत नाही. पण भिवा, तुझे उपकार आहेत — माझ्यावर, या किनाऱ्यावर. ते रोज आठवतात.

ठिगळं लावलेली ती पिशवी मी अजून वापरतो. आता गुडघे दुखतात, चढणीवर मध्येच बसावं लागतं. पोरं म्हणतात, भाऊ, द्या इकडे, आम्ही नेतो. मी देत नाही. पिशवी भिवाची होती. खाडीत मी टाकली होती.