एका बंधूसाठी प्रार्थना

नव्वदच्या दशकात आमच्या नाशिक रोडच्या चर्चमध्ये बायकांची प्रार्थना सभा दर बुधवारी संध्याकाळी पाचला भरायची. आधी गाणं, मग बायबलमधलं वचन, मग विनंत्या. कोणासाठी प्रार्थना करायची ते उभं राहून सांगायचं, ही विनंती. चहाड्या करणं पाप, हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं, त्यामुळे आम्ही चहाड्या कधीच करत नव्हतो. आम्ही विनंत्या करायचो. "एका बहिणीच्या सुनेसाठी प्रार्थना करा, ती माहेरी जाऊन बसली आहे," एवढं म्हटलं की बाकीच्या डोळे मिटून कोणती सून ते ओळखायच्या. नाव घ्यायचं नाही हा नियम होता, आणि तो कोणी मोडल्याचं मला आठवत नाही.

मी शाळेत शिकवायचे. मुद्देसूद बोलायची सवय होती, त्यामुळे माझ्या विनंत्यांचं कौतुक व्हायचं.

माझी जिवाभावाची मैत्रीण आमच्याच कॉलनीत, दोन इमारती सोडून राहायची. तिचा नवरा चांदवडकडचा, एका कारखान्यात फिटर, अबोल, आणि बरीच वर्षं पिणारा. तो कामावरून सुटायची वेळ म्हणून ती बुधवारी सभेला येत नसे. एकदा मेथी निवडता निवडता ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "सात आठवडे झाले, त्यांनी शिवली नाही. कुठं बोलू नकोस हं. त्यांची त्यांनाच अजून खात्री नाही." मला इतका आनंद झाला की तो पोटात राहीना. बुधवारी मी उभी राहिले आणि म्हणाले, "एका बंधूनं सात आठवडे दारू सोडली आहे. त्याला बळ मिळावं म्हणून प्रार्थना करा."

तो बंधू कोण, हे 'आमेन' म्हणायच्या आत सगळ्यांना कळलं होतं. घरोघरच्या नवऱ्यांना ते रात्रीच्या जेवणाआधी कळलं असावं.

रविवारी तो कितीतरी वर्षांनी चर्चला आला, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. दारात चौघांनी एकामागून एक त्याचा हात हातात घेऊन आमच्यातला नमस्कार केला. "सलाम! आम्ही प्रार्थना करतोय बरं का तुमच्यासाठी." एकानं पाठ थोपटून विचारलं, "आता आठवा आठवडा ना?" तो पायरीवरूनच मागे फिरला. घरी गेला नाही. संध्याकाळी दोघांनी त्याला धरून घरी आणलं. माझी मैत्रीण गॅलरीत उभी होती. तिनं खाली उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली.

मला फार वाईट वाटलं. म्हणून पुढच्या बुधवारी मी पश्चात्ताप केला. सगळ्यांसमोर उभी राहून, जिभेच्या पापावर सविस्तर बोलून, रडून. चर्चच्या पाळकांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या पाळकबाईंनी, मला जवळ घेतलं. दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावले. नंतर चहाबरोबर केकही होता. इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी मोगऱ्याचा गजरा घेतला. मैत्रिणीकडे मात्र गेले नाही. देवाची माफी मागणं त्या मानानं सोपं होतं. तो दार उघडून समोर उभा राहत नाही.

मग सेवेला लागले. मटणाचा डबा केला आणि तिच्या दाराच्या कडीला अडकवून आले. दुसऱ्या दिवशी तो माझ्या कडीला होता, लख्ख घासलेला आणि रिकामा. आमच्याकडे कोणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. मी तीन डबे पाठवले आणि तिन्ही तसेच आले. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शनिवारी मी स्वतः गेले. दार त्यानंच उघडलं. पाठ करून आणलेलं सगळं मी विसरले. "भाऊजी, मी चुकले," एवढंच म्हणाले. "तुमची गोष्ट होती. ती सांगायचा मला काही अधिकार नव्हता."

त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं. "देवानं केलं आसंल माफ, बाई. मला लय टाइम लागंल." असं म्हणून तो आत निघून गेला, पण दार उघडंच ठेवून.

मैत्रिणीनं मला स्वयंपाकघरात नेलं. "रडू नकोस, त्याचा मला काही उपयोग नाही," ती म्हणाली. "साडेचारला सुटले की दोन तास त्यांना घरात बसवत नाही. तेवढे काढायचे असतात. कॅरम आवडतो त्यांना, मला जमत नाही. तू येशील?"

सेवा म्हटलं की मला दवाखाना दिसायचा, आजाऱ्यांच्या उशाशी बसलेली शांत चेहऱ्याची मी दिसायचे. प्रभूनं मला कॅरमला बसवलं. शाळा सुटली की रोज जायचं आणि हरायचं. मैत्रीण शेजारी बसून लसूण सोलायची. तो माझ्याशी बोलत नसे. माझी सोंगटी हुकली की फक्त "च्" करायचा, आणि माझ्या बहुतेक सोंगट्या हुकायच्या.

पहिल्या महिन्यात एकदा तो साडेचारला सुटून घरी आलाच नाही. आम्ही दोघी बोर्ड मांडून बसलो. सातला आला तेव्हा वास येत होता. त्यानं हातपाय धुतले आणि समोर येऊन बसला. बोटं इतकी थरथरत होती की स्ट्रायकर रेषेवर राहीना. मला भयंकर रडू येत होतं आणि प्रार्थनेचा एक शब्द सुचत नव्हता. मी सोंगट्या पुन्हा मधोमध लावल्या.

"खेळा, बाई," तो म्हणाला. "पाळी तुमची हाय."

माझे बुधवार अर्थातच बुडत होते. एका बहिणीचा विश्वास थंड पडत चालल्याची विनंती सभेत आल्याचं माझ्या कानावर आलं होतं. एका रविवारी पाळकबाईंनी मला चर्चच्या दारात गाठलं. "दिसत नाहीस बुधवारची! त्यांच्याकडे जातेस म्हणे रोज. कसं आहे त्या बंधूचं? पुन्हा घेतो का? प्रार्थनेसाठी विचारते हो." आजूबाजूच्या तिघी आपोआप जवळ सरकल्या. माझ्याकडे सांगण्यासारखं ढीगभर होतं. ती थरथरणारी बोटं होती, आणि त्यानंतरचे अकरा कोरडे दिवस होते. जीभ अक्षरशः शिवशिवली.

"त्याचं मला काही माहीत नाही," मी म्हणाले. "मी तिच्याकडे शिवण शिकायला जाते."

देवाच्या घराच्या दारात, चौघींच्या देखत, मी धडधडीत खोटं बोलले. त्या पापाचा पश्चात्ताप करायचा मी पुष्कळदा मनापासून प्रयत्न केला आहे. अजून काही तो होत नाही.