काणूक आणि एकवीस रोपं

चांदा फोर्टहून गोंदियाकडे जाणारी पॅसेंजर सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दुर्बीण, दोन पेन्सिली, कोऱ्या तक्त्यांची चळत आणि भाच्यानं बळेच कोंबलेली उकडलेली अंडी होती. भाचा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला आहे. "मावशी, सांगलीहून इतक्या लांब बदकं मोजायला कोणी येतं का?" असं त्यानं स्टेशनवर तिसऱ्यांदा विचारलं. तुझ्या लग्नाला आले होते त्यापेक्षा हे काम बरं, असं म्हणून मी गाडीत बसले.

मी यादी करणारी बाई आहे. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर पक्ष्यांच्या नादाला लागले आणि बघितलेल्या प्रत्येक पक्ष्यापुढे बरोबरची खूण करण्यात मला जे सुख मिळतं ते सांगण्यात अर्थ नाही. त्या यादीत काणूक नव्हतं. जेमतेम पारव्याएवढं, पांढऱ्या तोंडाचं, इवलंसं बदक. कुरखेड्याच्या बाजूला एका उथळ तळ्यावर ते हटकून दिसतं असं कानावर आलं होतं. शिवाय आमच्या सांगलीच्या पक्षी मंडळाचं कामही होतं. तळ्यावर काय दिसलं आणि तळ्याला कशापासून धोका आहे हे तक्त्यात भरायचं, मग ते तक्ते वनखात्याकडे जातात. कुठल्या तळ्याला संरक्षण द्यायचं हे ठरवताना ते वाचले जातात असं आम्हाला सांगतात.

जानेवारी सरत आला होता. खिडकीबाहेर धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या (बांध घातलेले धानाचे तुकडे) आणि त्यांत लाखोळीची बारीक निळी फुलं. समोर बसलेल्या म्हाताऱ्यानं माझ्या गळ्यातली दुर्बीण बराच वेळ निरखली.

"यातून वाघ दिसते का?"

"मी बदकं बघते हो, भाऊ."

"बदक तं असंच दिसते," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

वडशाला उतरून कुरखेड्याची एसटी, तिथून काळीपिवळी जीप. जीपमध्ये माझ्या मांडीवर कोणाची तरी कोंबडी होती आणि ती माझ्यापेक्षा शांत होती. भाच्याच्या ओळखीनं वनिताबाईंच्या घरी उतरायचं ठरलं होतं. वनिताबाई पस्तिशीच्या, ढिवर (मासेमारी करणाऱ्या) समाजातल्या, गावातल्या मच्छीमार संस्थेच्या सचिव. नवरा अहेरीकडे जंगलकामाला गेलेला. घरी त्या आणि त्यांचे सासरे, शामरावभाऊ.

सामान ठेवून मी तडक तळ्यावर गेले. एका बाजूला जुनी मातीची पाळ, दुसऱ्या बाजूला जंगल थेट पाण्यापर्यंत आलेलं. पाणी कुठेही छातीच्या वर नसावं. मधोमध अडई बदकांचा शीळ घालत बसलेला मोठा थवा, कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारे कमळपक्षी, काठाला चोच वाजवत उभे असलेले मुग्धबलाक करकोचे. शामरावभाऊ त्याला घोंगल्याफोड्या म्हणतात, कारण तो घोंगल्या (गोगलगायी) फोडून खातो. मला हे नाव जास्त पटलं. काणूक मात्र नव्हतं. पश्चिमेच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी हललं, पण मावळतीचं ऊन डोळ्यांत येत होतं. आणि तळ्यावर जागोजागी बांबू रोवून जाळी लावलेली. पाळीवर बसून मी तक्ता भरला. 'धोका' या रकान्यात एक शब्द लिहिला, मासेमारी. प्रत्येक तळ्यावर मी हाच शब्द लिहीत आले होते, त्यामुळे पेन्सिल अडली नाही.

जेवायला भात आणि अंबाडीचं आंबट घातलेला बारीक मासोळ्यांचा रस्सा. मी दोनदा भात घेतला. ज्या जाळ्यांना तासाभरापूर्वी धोका म्हटलं त्यांतलीच ती मासोळी, हे माझ्या डोक्यात आलं नाही. रश्श्याला चव होती, दुसरं काय.

"उद्या मी तुमाले नेतो, बाई," शामरावभाऊ म्हणाले. "एकट्यानं त्या पश्चिमेच्या कोपऱ्याकडं जाऊ नका."

"साप असतात का?"

"साप तं सगळीकडंच हायेत," म्हणून ते हात धुवायला उठले.

आता सकाळी त्यांचं आवरेपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. उजाडताच मी हिरवट जॅकेट चढवून एकटीच निघाले. पश्चिमेच्या कोपऱ्यात पाणी ओसरून चिखल उघडा पडला होता. त्यात बांबूच्या काड्या खोचलेल्या, काड्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. जाळं लावायच्या खुणा असतील असं समजून मी त्यांच्यामधून वाकत वाकत पुढे गेले. पायाखाली काहीतरी हिरवं, लिबलिबीत लागत होतं. चाळीसेक पावलांवर पांढऱ्या तोंडाची दोन बदकं दिसली. मी दुर्बीण उचलली, ती भुर्रकन उडाली, आणि डावा पाय मांडीपर्यंत चिखलात गेला. उजवा सोडवायच्या नादात मी बसलेच.

"बाई! हलू नका! अजून तुडवसाल!"

पाळीवरून वनिताबाई धावत येत होत्या. त्या मला वाचवायला आल्या असं मला वाटलं. वाचवलंही त्यांनी, पण आधी माझ्या आजूबाजूच्या चिखलातून चिरडलेली रोपं एकेक करून उचलून पदरात घेतली. मग मला हात दिला. 

अंगणात बादलीभर पाणी अंगावर घेऊन मी कपडे बदलले. पिशवीतले तक्ते भिजले होते. वनिताबाईंनी ते चटईवर उन्हात पसरले, वर खडे ठेवले. मी केस पुसत बाहेर आले तर त्या चटईपाशी उकिडव्या बसून वाचत होत्या.

"हे काय लिवलं, बाई? धोका, मासेमारी?"

मी म्हटलं, तो नुसता एक रकाना आहे.

"हा कागद कुठी जाते?"

मी खरं ते सांगितलं.

त्यांनी खडा उचलून पुन्हा जागेवर ठेवला. "माह्या बहिणीच्या गावच्या तलावावर बी असेच लोक आले होते. चांगले होते, तुमच्यासारखे. लिवून गेले. मंग बोर्ड लागला अन् जाळं टाकणं बंद. आता ते दोघं नवरा-बायको नागपूरले बांधकामावर राहतेत. आमच्या गावात तेवीस घरं या पाण्यावर जगून राह्यले. तुमी एका शब्दात लिवून टाकलं."

शामरावभाऊ कुडाला टेकून बसले होते. त्यांनी चिरडलेली रोपं टोपल्यात पाण्यात घातली आणि मला समजावून सांगितलं. पूर्वी हे तळं बेशरमीनं (कशातही माजणाऱ्या जाड झुडपानं) भरलं होतं. मासोळी नव्हती, पक्षी नव्हते. मग ढिवर बायकांनी एकेक झुडूप मुळासकट उपटलं. दरवर्षी पाणी ओसरलं की त्या दुसऱ्या तळ्यांतून पाणगवताची रोपं आणून चिखलाच्या गोळ्यात रोवतात. त्या गवतात मासोळी अंडी घालते, आणि बदकंही तेच खातात. चिंध्यांच्या काड्या म्हणजे इथं पाय ठेवायचा नाही. रोपं धरेपर्यंत गावातलं कोणी त्या कोपऱ्यात ना जाळं टाकतं, ना ढोर सोडतं.

"म्हून म्हटलं होतं एकट्यानं जाऊ नका," ते म्हणाले. "कारण सांगाले पायजे होतं. गावात सगळ्याईले ठाऊक हाये, सांगाची सवयच नाई राह्यली."

पक्ष्यांसाठी इतक्या लांब आलेल्या मीच पक्ष्यांचं ताट लाथाडलं होतं. मला लाज वाटली, आणि त्या लाजेचा काही उपयोग करता आला तर बरं, असंही वाटलं.

"दुपारी ही रोपं पुन्हा लावायला जाणार ना? मी येते," मी म्हटलं.

वनिताबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. "या. पण मी म्हणन तिथंच पाय ठेवसाल."

ऊन कलल्यावर पाच-सहा बायका त्याच कोपऱ्यापुढच्या उथळ पाण्यात उतरल्या, कासोटा घालून, लाल-पिवळ्या-जांभळ्या लुगड्यांत. मी साडी वर खोचून वनिताबाईंच्या पावलावर पाऊल ठेवत गेले. चिखलाचा गोळा करायचा, रोपाची मुळं त्यात दाबायची, मग मनगटापर्यंत हात घालून गोळा तळाशी बसवायचा. माझी पहिली तीन रोपं तरंगून वर आली. बायका हसल्या. एकीनं माझं मनगट धरून दाखवलं, आणि चौथं बसलं. शामरावभाऊ पाळीवरून सूचना करत होते आणि कोणीच त्या ऐकत नव्हतं.

कंबर मोडायला आली म्हणून मी वर पाहिलं, तर दहा-बारा पावलांवर काणूक. एक नाही, अकरा. पांढरी तोंडं, आखूड चोची, लावलेल्या गवताच्या कडेनं बिनघोर चरत होती. बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, कोणाच्या तरी सुनेवरून हसत होत्या, आणि ती हलत नव्हती. दुर्बीण घरी खुंटीला होती. हात चिखलानं भरलेले. सकाळी मी हिरवं जॅकेट घालून, श्वास धरून गेले तर उडून गेली होती.

"हे आमाले रोज पाह्यतेत," वनिताबाई म्हणाल्या. "तुमी नवीन."

निघायच्या दिवशी मी कोरा तक्ता घेऊन चटईवर बसले. पक्ष्यांची यादी भरली. 'धोका' या रकान्याशी पेन्सिल अडली. मग लिहिलं: 'बेशरम. आणि न विचारता आलेली माणसं. मी स्वतः पश्चिमेच्या कोपऱ्यात ढिवर बायकांनी लावलेली सतरा रोपं तुडवली.' खाली जागा नव्हती म्हणून समासात लिहिलं की हे तळं मासेमारी करणाऱ्या माणसांनीच राखलं आहे, ती गेली तर पक्षीही जातील. सही केली आणि कागद वनिताबाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो सावकाश वाचला. "सतरा नाई," त्या म्हणाल्या, "एकवीस होते."

मी खोडून दुरुस्त केलं. त्यांनी मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला. "उद्या कोणी बोर्ड घेऊन आलं, तं दाखवाले होईन."

सांगलीला तक्ता दिला तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी चष्मा वर करून विचारलं, ही थट्टा आहे का. मी नाही म्हटलं. तो आहे तसाच पुढे गेला याची मी खात्री करून घेतली. त्याचा उपयोग किती होईल मला ठाऊक नाही. त्याआधी भरलेल्या तक्त्यांचं मात्र राहून राहून मनात येतं. इतक्या तळ्यांवर मी तो एक शब्द लिहिला आणि काठावरच्या एकाही घराचं दार वाजवलं नाही. कुठल्या तळ्यावर त्या शब्दामुळे बोर्ड लागला असेल, हे मला कधी कळायचं नाही.

माझ्या यादीत काणुकापुढे अजून खूण केलेली नाही. वही उघडते आणि मिटते. परवा वनिताबाईंचा फोन आला. तळ्याचं, सासऱ्यांच्या गुडघ्याचं, सगळं सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "बाई, तुमच्या हातचे रोपं पाह्यले. सहा मेले, बाकीचे धरले. पुढच्या साली लावाले या."