खरखर करणारा सेट

बासष्ट सालच्या डिसेंबरात आमच्या अकोल्याच्या घरी एकदम दोन रेडिओ आले. मी अमरावतीला कॉलेजात होते, होस्टेलवर राहायचे. सुट्टीत घरी आले तर बैठकीतल्या टेबलावर दोन लाकडी पेट्या शेजारीशेजारी...

तेव्हा दुकानदारांची तशी पद्धत होती. दोन्ही सेट घरी ठेवून जायचे. लावून बघा, पसंत पडेल तो घ्या, दुसरा आम्ही परत नेतो.

हौसेने रेडिओ घेणारं घर नव्हतं आमचं. माझा मोठा भाऊ भास्कर फौजेत होता आणि चीनच्या लढाईत बेपत्ता झाला होता. तार आली होती, पण त्यात याहून जास्त काही नव्हतं.

गावात बोलवा होती की चीनचा रेडिओ पकडलेल्या जवानांची नावं सांगतो, हिंदीतून. ते ऐकायचं तर शॉर्टवेव्ह पाहिजे. दोन सेटांपैकी एकावर फक्त मीडियम वेव्ह होती. आवाज मात्र खणखणीत, नागपूर केंद्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखं यायचं.

दुसऱ्यावर शॉर्टवेव्ह होती. पण नुसती खरखर, शिट्ट्या, मध्येच अर्धं वाक्य... की पुन्हा खरखर.

बाबा तहसील कचेरीत कारकून. त्यांचं मत पहिल्याच दिवशी ठरलं होतं. "नागपूर लागलं म्हंजे झालं. बातम्या हायेत, बाजारभाव हाय. हे खरखर काहून विकत घ्याची?"

मला संताप आला. दादाचं नाव नागपूरवर येणार नव्हतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी मनातून दादाला सोडून दिलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आई वाद घालत नव्हती. संध्याकाळची वंदना झाली की ती शॉर्टवेव्हच्या सेटपुढे बसायची आणि मला शेजारी बसवायची. तिला हिंदी फारसं कळत नसे, म्हणून नावं ऐकायचं काम माझं.

"काय म्हणे?"

"दुसराच कोणी आहे, आई."

रोज आमचं बोलणं एवढंच. पुढे ती विचारायचीही बंद झाली, नुसती माझ्या तोंडाकडे बघायची...

ठरल्या दिवशी दुकानदार आले. त्यांनी शॉर्टवेव्हचा सेट लावून पाहिला आणि स्वतःच ओशाळले. "वहिनी, हा नका घेऊ. लोक म्हणतील, मी भंगार विकून राहिलो. पायजे तं छपरावर जाळीची एरियल लावून देतो, खरखर थोडी कमी होईन."

"कमी कायले करता, भाऊ?" आई म्हणाली. "दुरून येऊन राहिला तो आवाज. मधात पहाड हायेत, खरखर तं होईनच. हा दुसरा लई साफ बोलते, म्हंजे तो जवळचाच हाय. माहा पोरगा जवळ नाई."

बाबा खिडकीशी पाठ करून उभे होते. आई त्यांच्याकडे वळली. "तुमी सांगा. कोनता ठेवाचा?"

मला वाटलं, आता नागपूर म्हणणार...

बाबांनी खणखणीत सेटची वायर काढली, गुंडाळली. पेटी स्वतः उचलून बाहेर नेली आणि दुकानदारांच्या सायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधली. परत आत येऊन म्हणाले, "एरियल लावाच तुमी. तिले खरखर पायजे, मले नाव पायजे."

सुट्टी संपली, मी अमरावतीला गेले. त्यानंतर नावं ऐकायचं काम बाबांनी घेतलं. कचेरीतून आले की हातपाय धुऊन थेट सेटपुढे, असं आईने नंतर सांगितलं. चहासुद्धा तिथेच.

नाव आलं नाही. उन्हाळ्यात कैदी सुटून परत आले... दादा त्यांच्यात नव्हता.

मी तेव्हा घरीच होते. ते कळलं त्या संध्याकाळी वंदना झाली, पण आई सेटपुढे आली नाही. स्वयंपाकघरात चूल न पेटवता बसून राहिली. बाबांनी सेट लावला, काटा नेहमीच्या जागी आणला. ऐकण्यासारखं आता काहीच उरलं नव्हतं.

"ये वं, बस," ते म्हणाले. आई आली, बसली. मी पण बसले.

बाबांना खरंच आशा होती, का फक्त आईसाठी ते रोज बसायचे, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आज ते दोघंही नाहीत... माझा राग चुकीचा होता की बरोबर, हे आता कोण सांगणार? पण त्या दिवशी त्यांनी आईला एकटं बसू दिलं नाही. याबद्दल मी त्यांची आभारी आहे.