वेढलेल्या शहराचा मराठी आवाज

नलिनीताईंच्या लेकीचा, मृणालचा फोन आला तेव्हा मी तोक्योतल्या हिगाशी-कसाईच्या आमच्या इमारतीखाली कचऱ्याच्या पिशव्या ठेवत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती मराठीत बोलली, पुढचं सगळं जपानीत. नोकरीच्या गावाहून, सेंदाईहून, ती आदल्याच दिवशी आली होती. आईचं दुखणं तिला इस्पितळातून कळलं आणि मलाही तेव्हाच... मी तर त्यांच्या फुनाबोरीच्या घरापासून बसने जाण्याच्या अंतरावर राहणारी. नलिनीताईंना जाऊन आता दीड महिना झाला. दुःख येतं-जातं, पण त्यांच्यावरचा माझा राग काही अजून गेलेला नाही.

नलिनीताई पुण्यात रशियन शिकल्या आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर तोक्योत आल्या. यजमान गेल्यावरही इथेच राहिल्या. दर हिवाळ्यात एका रविवारी दुपारी त्या आम्हा मराठी मंडळींना घरी बोलवत आणि एक जुना सोव्हिएत युद्धपट लावत. शत्रूने वेढलेलं शहर, गुडघाभर बर्फ, पावासाठी रांगा, घसरगाडीवरून ओढत नेलेली प्रेतं. डिस्कवर सबटायटल्स नव्हती. नलिनीताई टीव्हीशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि सगळ्यांचे संवाद मराठीत बोलायच्या. सैनिकही त्याच, म्हातारेही त्याच, लहान मुलगीही त्याच. पहिल्या वर्षी मला वैताग आला होता. सुट्टीचा दिवस, आम्ही पोटभर जेवून आलेले आणि समोर माणसं उपाशी मरतायत... पण एका प्रसंगाला मीही पुढे सरकून ऐकायचे. पडद्यावरच्या खोलीत मिट्ट अंधार, फक्त आवाज. आई मुलीला पाव देते. मुलगी विचारते, तुझा कुठाय? नलिनीताई अगदी हळू म्हणायच्या, "माझं झालंय गं. तू घे." बायका डोळे पुसायच्या. सिनेमा संपला की त्या लगेच वडे तळायला घ्यायच्या आणि कुणी नको म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत. त्यांच्या आग्रहापुढे भल्याभल्यांनी हात टेकले होते.

गेल्या हिवाळ्यात बोलावणं आलं नाही. टीव्ही बिघडलाय म्हणाल्या. मी भेटायला गेले तर स्वेटर खांद्यावरून ओघळत होता. वयाला बरं म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय, असं त्यांनी सांगितलं. तेवढ्यात मृणालचा फोन आला. भरली वांगी केली होती, दोन पोळ्या खाल्ल्या, असं त्या लेकीला खुशाल सांगत होत्या. ओटा कोरडा ठणठणीत. मी तिकडे बघितलं तर म्हणाल्या, सकाळीच आवरलं. इतक्या सहज बोलल्या की मला शंका आली नाही. पोटातलं दुखणं त्यांना तेव्हा माहीत होतं. मृणालची विद्यापीठातली नोकरी त्या वर्षी कायम होणार होती. आई आजारी आहे म्हटल्यावर पोरगी सगळं टाकून आली असती, आणि ते त्यांना नको होतं.

मृणाल आता कायम झाली. ते सांगायला आई नाही.

गेल्या रविवारी आम्ही दोघी घर रिकामं करायला बसलो होतो. आई गेल्यावर मृणालने ती सिनेमाची डिस्क मध्यंतरी सेंदाईला नेली होती. तिच्या लॅबमध्ये एक रशियन मुलगी आहे, तिच्याबरोबर तिने सिनेमा पाहिला. खोकी बांधता बांधता ती म्हणाली, "मावशी, त्या पावाच्या सीनमध्ये ती बाई 'माझं झालंय' असं म्हणतच नाही."

"मग काय म्हणते?"

"म्हणते, मलाही भूक लागलीय. अर्धा मला दे."

मी हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. उत्तम रशियन येणारी बाई इतकं सोपं वाक्य चुकणार नव्हती. वर्षानुवर्षं आमच्यासमोर बसून त्यांनी ते बदललं होतं. एका आईने लेकीकडे घास मागावा, हे त्यांच्या तोंडून निघालंच नसेल... मृणालने टीव्ही सुरू केला, तो बिघडलेला नव्हताच. तिने परत आणलेली डिस्क लावली. तो अंधार आला, त्या परक्या बाईचा थकलेला आवाज आला आणि मृणाल माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. टीव्हीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे माझ्याने बघवेना.

अर्धं दुखणं आमच्याकडे द्यायचं होतंत, नलिनीताई. आम्ही घेतलं असतं हो.